आधी थांबणारी गाडी, मग चढणारी गाडी: जुन्या फोर बाय फोर पिकअपने शिकवलेला खर्चाचा हिशेब



मागच्या व्हिडिओत माझ्यामागे दुकानाची पांढरी पिकअप उभी होती. तो बघून दुकानात आलेल्या दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला, "सर, ते मोठे टायर कुठे गेले? आणि पुढचा तो लोखंडी बंपर?" दोघांना मी हसून टाळलं. तिसऱ्याची स्वतःची जुनी फोर बाय फोर होती आणि तो तसंच काम करून घ्यायला निघाला होता. त्याला मात्र बसवून चहा पाजला आणि सगळं सांगितलं. तेच आज इथे लिहितोय. व्हिडिओत दहा मिनिटांत हे नीट मावलं नसतं.

मी तुम्हाला सतत सांगत असतो की धंद्यातला प्रत्येक खर्च तीन खणांत टाका: सुरक्षेचा, कमाईचा आणि हौसेचा. फळ्यावर हे लिहिणं सोपं आहे. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मी हौसेचा खर्च कमाईच्या खणात टाकला आणि सुरक्षेचा खर्च पुढच्या महिन्यावर ढकलला. त्याची किंमत मी पैशांत मोजली. आमच्या ड्रायव्हर काकांनी ती हाताच्या हाडात मोजली.

गाडी कशाला लागते?

आमचं दुकान भोरला. पाइप-फिटिंग, मोटर-पंप, सिमेंट, पत्रे. गिऱ्हाईक निम्मं शहरातलं आणि निम्मं हिरडस मावळातलं, नीरा देवघरच्या पाण्याकडेच्या आणि त्याच्या वरच्या वाड्या-वस्त्यांवरचं. पावसाळ्याचे चार महिने तिकडचे शेवटचे एक-दोन किलोमीटर रस्ते म्हणजे नुसता चिखल. साधी पिकअप तिथे रुतते, मग ट्रॅक्टर बोलवा, त्याला पैसे द्या, दिवस वाया. म्हणून आप्पांनी तेव्हा मुद्दाम फोर बाय फोर पिकअप घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात गाडीचा दोष नव्हता, माझा होता.

गाडी २००९ ची. मालवाहू वाहनाला आठ वर्षं झाली की दरवर्षी फिटनेस करावं लागतं, ते आम्ही करत आलो. इंजिन ठीक होतं. पण वयाच्या खुणा दिसायला लागल्या होत्या. स्टिअरिंगला प्ले, मागचे पाटे बसलेले, चासीवर गंज, ब्रेक थोडा खाली. नेहमीच्या मिस्त्रींनी एका कागदावर यादी लिहून दिली: पुढचे ब्रेक पॅड, मागचे लायनर, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट, होस पाइप, ब्रेक ऑइल. एकूण १८,४०० रुपये. कागद मी गल्ल्यात ठेवला.

त्याच महिन्यात मी एका ऑफ-रोडवाल्यांच्या मेळाव्यात गेलो होतो. तिथल्या गाड्या बघून डोकं फिरलं, खरं सांगतो. विचार केला, आपलीही गाडी जुनीच आहे, थोडा खर्च करू, उंच करू, मोठे टायर टाकू, दुकानाचं नाव दारावर झळकेल, चॅनेलला व्हिडिओ मिळेल. म्हणजे "मार्केटिंग"!

खर्च असा झाला:

- ३१ इंची पाच टायर: ५७,५००
- पाच रुंद डिस्क: १८,०००
- लांब शॅकल, मागे एक जादा पाटा, गाडी दोन इंच वर: १६,०००
- पुढचा लोखंडी बंपर: २२,०००
- टपावरचा कॅरिअर आणि लाइट: १४,५००
- मजुरी आणि किरकोळ: १०,०००

एकूण १,३८,००० रुपये. हे काम नेहमीच्या मिस्त्रींकडे नाही केलं. ते म्हणाले होते, "शेठ, आधी माझा कागद बघा." मला ते जुन्या विचारांचे वाटले. दुसरीकडे टाकली गाडी.

काम चालू असतानाच काका एकदा म्हणाले, "दादा, पेडल जरा खाली जातंय." मी म्हणालो, "काका, हे काम होऊ द्या, मग ब्रेकचं एकदमच करू." काका एकोणीस वर्षं आमच्याकडे आहेत, आप्पांच्या वेळेपासून. मालकाने एकदा सांगितल्यावर ते परत म्हणत नाहीत. त्यांचा हा स्वभाव मला माहीत होता आणि मी त्याचा फायदा घेतला, असं आज वाटतं.

घाटात काय झालं?

दिवाळीनंतरची गोष्ट. महाडच्या बाजूला एका साइटवर २० गोण्या सिमेंट आणि थोडं पाइपचं सामान द्यायचं होतं. रस्ता वरंधा घाटाचा. डांबर कोरडं, ऊन पडलेलं, चिखलाचं नावही नाही. म्हणजे ज्या कामासाठी मी १,३८,००० घातले, ते त्या दिवशी नव्हतंच. त्या दिवशी गाडीकडून एकच अपेक्षा होती, उतारावर थांबावं.

अर्धा घाट उतरल्यावर पेडल मऊ झालं. पुढच्या वळणावर ते तळाला गेलं. काकांनी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरीत घातली. दरड घासत गाडी थांबली. काकांचं उजवं मनगट मोडलं. सोबतचा पोरगा सीटबेल्ट लावून होता, त्याला खरचटण्यापलीकडे काही नाही. समोरून त्या वेळी कुणी आलं नाही, हे आमचं नशीब.

दवाखान्यात मी पोचलो तेव्हा काका पहिलं वाक्य बोलले ते असं: "दादा, गोण्या सात-आठ फुटल्या असतील, बाकी माल बरा आहे." मी काय बोलणार? बाहेर जाऊन बाकावर बसलो.

ब्रेक का गेले? हे नीट समजून घ्या

गाडी टो करून नेहमीच्या मिस्त्रींकडे आणली. त्यांनी ओरडा केला नाही. त्यांनी मला गाडीखाली झोपायला लावलं आणि एकेक गोष्ट दाखवली. ज्यांच्याकडे जुनी पिकअप आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचा.

पहिली गोष्ट, टायर. कंपनीची साइझ २३५/७५ आर १५. याची उंची काढायची तर २३५ चे ७५ टक्के म्हणजे साधारण १७६ मिलिमीटर, ते दोनदा धरा, त्यात १५ इंचाची डिस्क म्हणजे ३८१ मिलिमीटर मिळवा. झाले ७३३. मी टाकलेला टायर ३१ इंची, म्हणजे ७८७ मिलिमीटर. फरक ७ टक्क्यांचा. तुम्ही म्हणाल, सात टक्के म्हणजे काय मोठं? चाक मोठं झालं की ब्रेकला त्याच जोरात ७ टक्के कमी पकड मिळते. गिअरमध्ये उतरवताना इंजिनचा जो रेटा गाडीला मागे धरतो, तोही तेवढाच कमी होतो. आणि काट्यावर ६० दिसत असताना गाडी खरी ६४ ने चाललेली असते. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने, आपल्या विरुद्ध.

दुसरी गोष्ट, वजन. बंपर ४८ किलो, कॅरिअर ३२ किलो, आणि टायर-डिस्क प्रत्येकी १२ किलोने जड म्हणजे पाचाचे ६०. सगळे मिळून १४० किलो. सिमेंटची गोणी ५० किलोची. म्हणजे मी कायमच्या जवळजवळ तीन गोण्या गाडीला बांधून ठेवल्या होत्या. आरसीवरचं एकूण वजन काही वाढलं नव्हतं. बिलावर माल एक टनाचा, नियमात. काट्यावर गाडी ओव्हरलोड. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक फेरीला तीन गोण्यांची जागा मी शोसाठी दिली होती.

तिसरी गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती, आणि तीच सगळ्यात मोठी निघाली. अनेक पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. मिस्त्री त्याला एलएसपीव्ही म्हणतात. तो एका दांड्याने किंवा स्प्रिंगने अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. गाडीत माल भरला की चासी खाली बसते, व्हॉल्व्हला कळतं की माल आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर देतो. गाडी रिकामी असली की चासी वर असते, मग तो मागचं प्रेशर कमी करतो, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरू नये.

आता मी काय केलं? लांब शॅकल टाकून चासी वर उचलली. जादा पाटा टाकून ती भरल्यावरही खाली बसणार नाही असं केलं. दांड्याचं सेटिंग मात्र कुणी केलं नाही. व्हॉल्व्हच्या हिशेबाने गाडी कायम रिकामीच! मागे एक टन माल असताना मागचे ब्रेक अर्धवट काम करत होते आणि सगळा ताण पुढच्या डिस्कवर. पुढचे पॅड आधीच झिजलेले. ते तापले.

चौथी गोष्ट, ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ दर्जाचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. आमचं ऑइल किती वर्षांचं होतं ते कुठल्याच वहीत नव्हतं. पुढचे ब्रेक तापले, ऑइल उकळलं, नळीत वाफ झाली. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल तळाला गेलं. नळी फुटली नव्हती, काही तुटलंही नव्हतं. सगळं "ठीक" असताना ब्रेक गेले.

मिस्त्री एवढंच म्हणाले, "शेठ, गाडी वर चढवायचं सामान टाकलं, खाली उतरायचं राहिलं."

कागदाची बाजू

इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला. त्याने पहिला फोटो टायरच्या साइझचा काढला, दुसरा बंपरचा. त्याचं काही चुकलं नाही. क्लेम मी पुढे नेला नाही.

त्यानंतर मी नियम वाचायला बसलो. ते आधी वाचायला हवे होते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती आणि कंपनीची मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने १८२ ए हे कलम नव्या रूपात आलं. त्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या. पुढच्या लोखंडी गार्डवर तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं, कारण धडकेत समोरच्या पायी माणसाला त्याने जास्त मार बसतो.

"सगळेच लावतात, कोण धरतंय?" असं मीही म्हणायचो. पोलिसाने धरलं तर दंडावर भागतं. अपघातानंतर कागद उघडले जातात तेव्हा मात्र दंडावर भागत नाही.

अपघाताचा हिशेब

गाडीची दुरुस्ती ६४,०००. गाडी २३ दिवस बंद, त्यातले १५ दिवस भाड्याची पिकअप २,२०० रुपयांनी, म्हणजे ३३,०००. काकांचा दवाखाना ३६,०००. काका दोन महिने घरी, पूर्ण पगार, ३६,०००. बेरीज १,६९,०००. गल्ल्यातला कागद होता १८,४०० चा.

हे आकडे मी क्लासमध्ये फळ्यावर लिहितो तेव्हा लोक लगेच म्हणतात, "म्हणजे नऊ पट नुकसान." मी त्यांना थांबवतो. काका डोंगराकडे न घालता दरीकडे गेले असते तर कुठली पट लावणार होतो आपण?

मग गाडी विकली का नाही?

विकायचाच विचार होता. आप्पांनी विचारलं, "नवीन घेतलीस तर तिचा कागद गल्ल्यात ठेवणार नाहीस कशावरून?" मुद्दा बरोबर होता. नवीन गाडीच्या कोटेशनप्रमाणे हप्ता महिन्याला २४,००० च्या आसपास बसत होता. आणि फोर बाय फोरची खरी गरज वर्षातले चार महिने. म्हणून आम्ही तीन प्रश्न ठरवले आणि मिस्त्रींना बसवून त्यांची उत्तरं लिहून काढली. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर हेच प्रश्न विचारा.

एक, चासी शाबूत आहे का? स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आणि छोटी हातोडी घेऊन पूर्ण चासी ठोकून बघा. चांगलं लोखंड टणटण वाजतं, गंजलेलं बद्द वाजतं. टोक आत शिरलं तर खोल गंज आहे. शॅकलच्या आणि पाट्याच्या हँगरपाशी गंज असेल तर जास्त काळजी घ्या, कारण सगळं वजन तिथे येतं. थोडा गंज असेल तर कापून, प्लेट लावून, वेल्डिंग होतं. पण चासी नंबर कोरलेल्या जागेला ग्राइंडर लावू देऊ नका, पुढे पासिंगला उत्तर देता येणार नाही.

दोन, इंजिनचं आयुष्य उरलंय का? गरम इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा. वाफाऱ्यासारखा जोरात धूर येत असेल तर मिस्त्रींच्या भाषेत "बॅक कॉम्प्रेशन मारतंय", म्हणजे रिंग-लायनर झिजलेत. धुराचा रंगही बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, बऱ्याचदा एअर फिल्टर किंवा इंजेक्टर. काळ्यासाठी लगेच इंजिन उघडायची गरज नसते.

तीन, वर्षाची दुरुस्ती नवीन गाडीच्या किती हप्त्यांइतकी आहे? आमचा नियम असा: सहा हप्त्यांच्या आत असेल तर ठेवायची, वर गेली तर विकायची.

आमची चासी दोन जागी गेलेली, बाकी चांगली. इंजिन चांगलं. म्हणून ठेवली.

दुरुस्तीचा क्रम: थांबणं, वळणं, धरणं, चालणं, चढणं

सात महिने घेतले, टप्प्याटप्प्याने, धंद्याच्या पैशातून, कर्ज न काढता. क्रम मात्र बदलला नाही.

पहिलं थांबणं. मिस्त्रींचा तोच कागद, आता २१,७०० चा झाला होता. पॅड, लायनर, सिलिंडर, होस, नवीन ब्रेक ऑइल. मूळ उंचीवर गाडी आणून एलएसपीव्हीचा दांडा कंपनीच्या मापाने सेट. ऑइल बदलल्याची तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला पेंटने लिहिली आहे. दर दोन वर्षांनी बदलायचंच.

दुसरं वळणं. टाय रॉड एंड, बेअरिंग, शॅकलचे बुश, नवीन यू-बोल्ट, जादा पाटा काढून मूळ सेट. १९,५००. इथे एक गोष्ट सांगतो. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग मारून देणारे भेटतात, करू नका. पाट्याला जे पाणी दिलेलं असतं ते वेल्डिंगच्या उष्णतेने जातं आणि तो शेजारीच परत तुटतो. आणि यू-बोल्ट नवीन टाकले की काही दिवस गाडी चालवून परत आवळून घ्या, ते बसतात.

तिसरं धरणं, म्हणजे चासी. दोन जागी प्लेट, आतून-बाहेरून गंजरोधक रंग. १५,०००.

चौथं चालणं. इंजेक्टर आणि पंप कॅलिब्रेशन, फिल्टर, बेल्ट, रेडिएटरची सफाई. ३२,०००.

पाचवं आणि शेवटचं चढणं. इथे हौस आली, पण हिशेबात. कंपनीच्याच साइझमधले ऑल टेरेन टायर, पाच मिळून ४१,०००. चिखलात फरक पडतो तो मुख्यतः नक्षीचा आणि हवेचा, नुसत्या उंचीचा नाही. रिकाम्या गाडीने चिखलात शिरताना हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. बाहेर आल्यावर डांबरावर पळवण्याआधी परत भरायची, त्यासाठी छोटा पंप गाडीतच.

एकूण १,२९,२००. पहिल्या थाटापेक्षा कमी, आणि गाडी यावेळी खरंच चांगली झाली. जुने टायर-डिस्क ४२,००० ला गेले, बंपर भंगारात.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी मॉडिफिकेशन

हे माझ्याच दुकानातल्या पाइपने झालं, म्हणून जरा कौतुकाने सांगतो. अ‍ॅक्सलवर, डिफरन्शियलच्या घरावर, हवा जायला-यायला एक छोटा ब्रीदर असतो. घाट चढून गरम झालेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग गिअर ऑइल दुधासारखं पांढरं होतं आणि बेअरिंग, दाते खराब होतात. उपाय काय? ब्रीदरला चांगली ऑइल सहन करणारी नळी जोडून ती वर, बॉडीच्या उंचीपर्यंत नेऊन बांधायची. खर्च ३०० रुपये.

त्याच्या उलट, ओढ्याच्या पाण्याची खोली बघितल्याशिवाय गाडी घालायची नाही, हा नियम फुकट आहे. एअर फिल्टरमधून पाणी इंजिनात गेलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. मग ३०० रुपयांत काही होत नाही.

आणि एक सवय. आमच्यासारख्या पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतो. महिंद्राने मुंबईत ज्या विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्यांच्यातही हीच पद्धत होती. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही आणि ताण ट्रान्सफर केसवर येतो. म्हणून डांबराला लागलात की टू व्हील करा. फोर बाय फोरने गाडी सुटते जोरात, पण सपाट डांबरावर ब्रेक मारल्यावर लवकर थांबत नाही. हा गैरसमज नवीन पोरांमध्ये फार आहे.

यातून धंद्यासाठी मी काय बदललं

गाडीची वही. तारीख, किलोमीटर, काम, खर्च, आणि कुठल्या खणातला खर्च: सुरक्षा, कमाई की हौस. सुरक्षेच्या खणात काही थकलेलं असेल तर हौसेच्या खणात एक रुपयाही जात नाही. हा नियम आप्पांना, मला, सगळ्यांना लागू.

दुरुस्ती फंड. गाडी महिन्याला साधारण १,८०० किलोमीटर चालते. प्रत्येक किलोमीटरला ३ रुपये, म्हणजे ५,४०० रुपये वेगळ्या खात्यात. वर्षाचे ६४,८००. वर म्हटलेल्या सहा हप्त्यांच्या निम्म्यापेक्षा कमी. मिस्त्रींचा कागद आला की पैसे तयार असतात, त्यामुळे कागद गल्ल्यात पडून राहत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मी आता प्रत्येक बॅचमध्ये सांगतो. गाडी थांबवायचा अधिकार चालवणाऱ्याकडे. वहीच्या पहिल्याच पानावर माझ्या सहीने लिहिलंय की काकांनी "आज गाडी नेत नाही" म्हटलं तर गाडी जाणार नाही. कारण विचारायचं ते नंतर, गिऱ्हाइकाला फोन मी करणार. तुमच्या दुकानात गाडीच्या जागी वेल्डिंग मशीन असेल, भट्टी असेल, शिडी असेल. जो ती वापरतो त्याला "नाही" म्हणता येतं का, हे एकदा तपासा. मी काकांचा आदर करत होतो, "अहो-जाहो" करत होतो. पण त्यांच्या शब्दाला माझ्या वेळापत्रकापुढे किंमत नव्हती. तो आदर काय कामाचा?

काका तिसऱ्या महिन्यात परत आले. पहिले पंधरा दिवस नुसते शेजारी बसत होते, मनगट अजून दुखायचं. मग यंदाच्या जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसानंतर, सकाळी माल भरलेला असताना ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "दादा, डाव्या चाकातून आवाज येतोय. आज नको."

गिऱ्हाईक तातडीचं होतं. मला एक क्षण जड गेलं, खोटं नाही बोलणार. मग फोन उचलला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, उद्या येतो. मिस्त्रींनी चाक खोललं तर बेअरिंग निघालं. साडेनऊशे रुपये. संध्याकाळी वहीत नोंद केली, सुरक्षेच्या खणात.

राहता राहिला तो जुना "बिफोर-आफ्टर" व्हिडिओ. बरेच जण म्हणाले काढून टाक. काढला नाही. त्याच्या सुरुवातीलाच एक मिनिट जोडलंय, त्यात मी गाडीखाली झोपून तो व्हॉल्व्ह दाखवतोय. पुढच्या भागात मिस्त्रींना कॅमेऱ्यासमोर आणतोय, जुन्या गाडीची चासी कशी ठोकून बघायची ते दाखवायला. तोपर्यंत एक काम करा. तुमच्या गल्ल्यात असा कुठला कागद पडलाय का, तो आज काढून बघा.